युरोपीय संसदेला कायदा मांडता येत नाही, मग तिचं वजन कशात आहे?

प्रश्न थोडक्यात असा: युरोपीय संसदेच्या सदस्यांना स्वतः विधेयक मांडता येत नाही, त्यांच्यातून मंत्रिमंडळ बनत नाही, कर लावायचा अधिकार त्यांना नाही. मग ही ७२० माणसं निवडून देऊन युरोपच्या मतदाराला मिळतं काय? आपल्या लोकसभेशी तुलना केली तर ही नुसती चर्चेची जागा नाही का?

एप्रिल २०१४ मध्ये वाशीच्या फळबाजारातल्या एका निर्यातदारांचा मला फोन आला होता. युरोपीय महासंघानं १ मेपासून हापूस घ्यायचं बंद केलं होतं. आंब्याबरोबर कारली, वांगी, पडवळ आणि अळूही. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या, असं कारण दिलं होतं. ते म्हणाले, "ताई, तुम्ही तिथं संसदेच्या दारातच असता. कुठल्या खासदाराला भेटायचं तेवढं सांगा." मी म्हटलं, कुणालाही भेटून उपयोग नाही, यावर खासदारांनी मतच दिलेलं नाही. त्यांना वाटलं, मी टाळतेय.

माझं काम ब्रसेल्समध्ये अन्न आणि रसायनांविषयीचे कायद्याचे मसुदे वाचायचं. कुठल्या कलमात काय बदललं, कुणी बदलायला लावलं, पुढं कोण अडवणार, हे कारखानदारांना आणि निर्यातदारांना सांगायचं. इतकी वर्षं हे केल्यावर तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की हापूसच्या बाबतीत ही संसद कुणाच्या खिजगणतीत नव्हती, हे खरं. आणि त्याच्या चार वर्षं आधी तिनं अमेरिकेशी झालेला करार परत पाठवला होता, हेही तितकंच खरं. दोन्ही एकाच संसदेबद्दल खरं कसं, ते समजलं की बाकीचं आपोआप समजतं.

आधी विधेयक मांडायच्या अधिकाराबद्दल, कारण सगळे तिथंच अडखळतात. महासंघात कायद्याचा मसुदा आणायचा हक्क युरोपीय आयोगाचा. आयोग म्हणजे आपल्याकडचं मंत्रिमंडळ आणि सचिवालय एकत्र केल्यासारखी गोष्ट, प्रत्येक देशाचा एक आयुक्त. संसद पूर्ण सदस्यसंख्येच्या बहुमतानं ‘अमुक विषयावर मसुदा आणा’ अशी मागणी करू शकते. आयोगानं नकार दिला तर कारण द्यावं लागतं, इतकंच. हे ऐकायला केविलवाणं वाटतं. पण आपल्याकडे काय आहे ते बघा. लोकसभेत कुठलाही सदस्य खासगी विधेयक मांडू शकतो, दर अधिवेशनात ढिगानं मांडली जातात. स्वातंत्र्यानंतर त्यांतली कायदा झालेली विधेयकं किती? १४. शेवटचं १९७० मध्ये. हक्क कागदावर आहे, कायदा सरकारच करतं.

आणि गंमत अशी की दोन-चार विषयांत युरोपीय संसदेलाही स्वतः मसुदा आणता येतो. त्यांतला एक म्हणजे तिच्या स्वतःच्या चौकशी समित्यांचे अधिकार ठरवणारा कायदा. तो मसुदा २०१२ पासून पडून आहे, कारण त्याला सदस्य देशांच्या मंत्रिपरिषदेची आणि आयोगाची संमती लागते. ज्यांची चौकशी व्हायची त्यांनीच समितीला दात बसवून द्यायचे, कोण देईल? म्हणून ‘मसुदा कोण मांडतो’ हा प्रश्न मी फारसा धरत नाही. मसुद्याचं पुढं काय होतं ते बघायचं.

पुढं असं होतं. महासंघाच्या बहुतेक कायद्यांना आज दोन चाव्या लागतात: एक संसदेची, एक मंत्रिपरिषदेची. परिषदेत २७ सरकारांचे मंत्री बसतात; तिथं साधारणपणे किमान ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या असं दुहेरी बहुमत लागतं. महासंघाचे मूळ करार बदलणारा लिस्बन करार १ डिसेंबर २००९ रोजी लागू झाला तेव्हापासून शेती, व्यापार, पोलीस-न्याय सहकार्य असे मोठे विषयही या दोन चाव्यांच्या पद्धतीत आले. त्याआधी शेतीच्या खर्चावर, म्हणजे महासंघाच्या अंदाजपत्रकातल्या सर्वांत मोठ्या खर्चावर, संसद फक्त ‘मत’ द्यायची, म्हणजे बंधनकारक नसलेला सल्ला.

त्या ‘मत’ द्यायच्या काळातलीच एक गोष्ट मला फार आवडते, आणि साखर कारखान्यांच्या राजकारणात वाढलेल्या मराठी माणसाला ती लगेच कळेल. मक्याच्या स्टार्चपासून आयसोग्लुकोज नावाचं गोड द्रव्य निघायला लागलं होतं. बीटची साखर करणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. मंत्रिपरिषदेनं आयसोग्लुकोजवर कोटा बसवायचा ठरवला आणि मार्च १९७९ मध्ये रिवाजाप्रमाणे संसदेचं मत मागवलं. संसदेत एकमत होईना, अहवाल समितीकडे परत गेला. जूनमध्ये पहिल्यांदा थेट निवडणुका होत्या, सगळे प्रचारात. परिषदेनं वाट न बघता २५ जूनला कोटा लागू करून टाकला. तसं पाहिलं तर बिघडलं काय? संसदेचं मत बंधनकारक नव्हतंच. पण एक फ्रेंच स्टार्च कंपनी कोर्टात गेली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं तो नियमच रद्द केला. मत बंधनकारक नसेल, पण ते मिळेपर्यंत थांबणं बंधनकारक आहे. प्रतिनिधी-सभेमार्फत लोकांचा सत्तेत सहभाग हे लोकशाहीचं मूळ तत्त्व आहे, असं न्यायालयाचं म्हणणं.

खासदारांनी काय केलं? त्यांनी स्वतःच्या कामकाजाचे नियम बदलून घेतले. आधी दुरुस्त्यांवर मतदान घ्यायचं, मग आयोगाला विचारायचं की यांतल्या किती घेणार, आणि समाधानकारक उत्तर येईपर्यंत अंतिम मत द्यायचंच नाही. म्हणजे तळ्याकाठी बसून राहायचं. ‘नकार’ द्यायचा अधिकार नव्हता, तर ‘उशीर’ हाच नकार करून टाकला. १९९५ मध्ये न्यायालयानं याला लगाम घातला. परिषदेनं तातडीनं मागितलेलं मत संसद निष्कारण लांबवू शकत नाही, तीही सहकार्याला बांधलेली आहे, असं सांगितलं. पण तोवर संसदेला चटक लागली होती. १९५२ मध्ये कोळसा-पोलाद समुदायाच्या ७८ नियुक्त सदस्यांपासून सुरू झालेली ही सभा. १९६२ मध्ये तिनं स्वतःलाच ‘युरोपीय संसद’ म्हणायला सुरुवात केली, करारात तसं नाव नसताना. आधी वागायचं, मग करारात लिहून घ्यायचं, हा तिचा जुना स्वभाव आहे. मला तो आवडतो. माझ्या काही सहकाऱ्यांना ती घुसखोरी वाटते.

आता रोजच्या कामकाजाकडे. आयोगाचा मसुदा आला की तो संबंधित समितीकडे जातो आणि तिथला एक सदस्य त्याचा रॅपोर्टर होतो. हा शब्द मराठीत आणायचा तर ‘विधेयकाचा कारभारी’ म्हणता येईल. बाकी प्रत्येक राजकीय गट आपला एक ‘शॅडो रॅपोर्टर’ नेमतो. अनुभव सांगते: ब्रसेल्समध्ये नवीन आलेली माणसं गटनेत्यांच्या मागे धावतात, जुनी माणसं शॅडोंच्या सहायकांबरोबर कॉफी पितात. कुठल्या परिच्छेदावर कोण हटणार नाही, हे त्या सहायकांनाच माहीत असतं.

दुरुस्त्या म्हणजे किती? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जो नियम आज जगभर जीडीपीआर म्हणून ओळखला जातो, त्याचा मसुदा जानेवारी २०१२ मध्ये आला. जर्मनीचे हरित सदस्य यान फिलिप आल्ब्रेख्ट त्याचे रॅपोर्टर होते. समितीत त्यावर जवळपास ४००० दुरुस्त्या आल्या. त्या एकत्र करून समान मजकूर बनवण्यात बरेच महिने गेले. अंतिम कायदा २०१६ मध्ये झाला आणि २५ मे २०१८ ला लागू झाला. लोकसभेत एखाद्या सरकारी विधेयकावर विरोधकांची एक दुरुस्ती मान्य झाली तरी ती बातमी होते.

हा फरक कशामुळे, हे सांगितल्याशिवाय तुलना अपुरी राहील. लोकसभेत सरकार बहुमतातूनच उभं असतं; विधेयक पडलं तर सरकार डळमळतं, शिवाय पक्षादेश मोडला तर पक्षांतरबंदी कायद्यानं सदस्यत्व जातं. युरोपीय संसदेत असं काही नाही. कायदा पडला तरी आयोग पडत नाही. गटाचा आदेश मोडला तर फार तर चांगली समिती हुकते, सदस्यत्व जात नाही. २०२४ च्या निवडणुकीनंतर सर्वांत मोठ्या गटाकडे, ख्रिस्ती-लोकशाहीवाद्यांकडे, १८८ जागा होत्या. निम्म्याच्या वर जायला ३६१ लागतात. म्हणून प्रत्येक विधेयकाला आपापलं बहुमत नव्यानं जमवावं लागतं. निसर्ग-पुनर्स्थापनेच्या कायद्याला सभागृहातच फेटाळायचा प्रयत्न जुलै २०२३ मध्ये ३१२ विरुद्ध ३२४ असा जेमतेम बारगळला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कीटकनाशकांचा वापर घटवणारा मसुदा मात्र पडला, २९९ मतं विरोधात आणि २०७ बाजूनं. दोन्ही एकाच ‘हरित’ धोरणातले, सभागृह तेच, निकाल उलटे. अशा ठिकाणी तडजोडीशिवाय पान हलत नाही, आणि तडजोड म्हणजेच दुरुस्ती.

समितीनं आपली बाजू ठरवली की खरी झोंबाझोंबी ‘ट्रायलॉग’मध्ये होते: संसद, परिषद आणि आयोग यांचे मोजके लोक बंद खोलीत, बऱ्याचदा पहाटेपर्यंत. तिथं चार रकान्यांचा एक कागद असतो. पहिल्या रकान्यात आयोगाचा मसुदा, दुसऱ्यात संसदेचा, तिसऱ्यात परिषदेचा, आणि चौथा रिकामा. सगळा खेळ त्या चौथ्या रकान्यासाठी. करारात तीन वाचनं, समेट समिती, महिन्यांच्या मुदती असं सगळं तपशिलानं लिहिलंय. प्रत्यक्षात २०१४ ते २०१९ च्या संसदेत दहापैकी जवळपास नऊ कायदे पहिल्याच वाचनात उरकले आणि समेट समिती एकदाही बसली नाही. सभागृहात जे मतदान दिसतं, ते बहुतेक वेळा आधीच ठरलेल्या चौथ्या रकान्यावरचा अंगठा असतो.

याच्यावर टीका होते आणि ती रास्त आहे. मतदारांनी निवडून दिलेल्यांचं काम मतदारांना दिसू नये, हे संसदेला शोभत नाही. एमिलिओ दे कापितानी नावाच्या, पूर्वी संसदेतच अधिकारी असलेल्या गृहस्थांनी चौथा रकाना मागितला. संसदेनं नाही म्हटलं. मार्च २०१८ मध्ये न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला: कायदा घडत असतानाची ही कागदपत्रं तत्त्वतः लोकांना मिळायला हवीत. तरीही कागद हातात पडेपर्यंत बऱ्याचदा वाटाघाट संपलेली असते. मला तो आधी कसा मिळतो हे विचारू नका. माझा पगार त्याच्यावरच चालतो, आणि हेच त्या व्यवस्थेचं दुखणं आहे.

‘नाही’ म्हणायची ताकद ट्रायलॉगमध्ये हातात असते, पण ती खरी वाटण्यासाठी अधूनमधून वापरून दाखवावी लागते. जुलै २००५ मध्ये सॉफ्टवेअरच्या पेटंटविषयीचा कायद्याचा मसुदा संसदेनं ६४८ विरुद्ध १४ मतांनी उडवला. त्याआधी २००१ मध्ये कंपन्यांच्या ताबा-व्यवहारांचा, बारा वर्षं रखडलेला कायदा तिसऱ्या वाचनात २७३ विरुद्ध २७३ अशा समसमान मतांवर अडकला आणि बुडाला. पण सगळ्यात गाजलं ते स्विफ्टचं प्रकरण. बँकांच्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे संदेश वाहणारी ही कंपनी बेल्जियमची. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेचं अर्थखातं दहशतवाद्यांचा माग काढायला तिची माहिती वापरत होतं. कंपनीनं युरोपीय व्यवहारांची साठवण अमेरिकेतून युरोपात हलवायचं ठरवलं, म्हणून अमेरिकेला करार हवा झाला. मंत्रिपरिषदेनं त्यावर सही कधी केली? ३० नोव्हेंबर २००९ ला. संसदेला आंतरराष्ट्रीय करारांवर संमतीचा अधिकार देणारा लिस्बन करार १ डिसेंबरला लागू व्हायचा होता!

ही एक दिवसाची हुशारी महागात पडली. करार पक्का होण्यासाठी संमती लागतच होती. हिलरी क्लिंटन यांनी संसदेचे अध्यक्ष येर्झी बुझेक यांना फोन केला, अमेरिकी राजदूत कॉरिडॉरमधून फिरत होते. मी तेव्हा ब्रसेल्सला नवी होते आणि माझ्या वरिष्ठांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की शेवटी हे मान तुकवणार. ११ फेब्रुवारी २०१० ला संसदेनं ३७८ विरुद्ध १९६ मतांनी करार फेटाळला. मे महिन्यात उपराष्ट्राध्यक्ष जो बायडन ब्रसेल्सला येऊन संसदेत बोलले. जुलैत नवा करार झाला, त्यात अमेरिकेच्या मागण्या युरोपोलनं, म्हणजे महासंघाच्या पोलीस संस्थेनं, तपासायची अट घातलेली होती. आता कुणी म्हणेल की अट फार कडक नव्हती. मान्य. पण त्या दिवसानंतर कुठल्याही व्यापार कराराच्या वाटाघाटीत ‘संसदेत हे जाईल का?’ हा प्रश्न पहिल्या बैठकीपासून विचारला जायला लागला. दोन वर्षांनी नकली मालाविरुद्धचा अक्टा करारही ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला गेला. चीनबरोबरचा गुंतवणूक करार संसदेनं मे २०२१ मध्ये नुसता विचारातच न घेता गोठवून ठेवला. भारताच्या व्यापार करारालाही हेच दार ओलांडावं लागतं. इथं दुरुस्ती नाही, फक्त हो किंवा नाही. म्हणून खासदारांचं म्हणणं आधीच, वाटाघाटी चालू असताना ऐकून घ्यावं लागतं.

आता देखरेख. इथं माझं मत जरा वेगळं आहे: संसदेचं सर्वांत मोठं हत्यार सर्वांत निरुपयोगी आहे, आणि सर्वांत उपयोगी हत्यार करारात धड लिहिलेलंच नाही.

मोठं हत्यार म्हणजे आयोगावरचा अविश्वास ठराव. तो मांडायला एक दशांश सदस्य पुरतात, पण मंजुरीसाठी दिलेल्या मतांच्या दोन तृतीयांश मतं लागतात आणि ती एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त असावी लागतात. आजवर एकही ठराव मंजूर झालेला नाही. जुलै २०२५ मध्ये उर्सुला फॉन डेर लायन यांच्या आयोगाविरुद्ध १७५ मतं पडली, ३६० त्यांच्या बाजूनं. शिवाय एका आयुक्ताला वेगळं काढता येत नाही, गेले तर सगळे. तरीही १९९९ मध्ये याच निरुपयोगी हत्याराच्या सावलीत एक आख्खा आयोग गेला. झाक सांतेर तेव्हा अध्यक्ष. आयोगातल्या गैरव्यवहारांवर पॉल फान बाउटेनेन या डच अधिकाऱ्यानं कागद संसदेकडे दिले होते. डिसेंबर १९९८ मध्ये संसदेनं १९९६ च्या हिशेबाला मंजुरी नाकारली. जानेवारीत अविश्वास ठराव २३२ विरुद्ध २९३ मतांनी पडला, पण तो पाडण्याची किंमत म्हणून पाच स्वतंत्र तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. तिच्या अहवालात, माजी फ्रेंच पंतप्रधान आणि तेव्हाच्या आयुक्त एदित क्रेसाँ यांनी ओळखीतल्या दंतवैद्याला सल्लागार नेमल्याचं प्रकरण होतं, आणि जबाबदारीची थोडी तरी जाणीव असलेला माणूस इथं सापडणं कठीण झालंय अशा अर्थाचं ते प्रसिद्ध वाक्यही. अहवाल १५ मार्चला आला, त्याच रात्री सगळ्या आयोगानं राजीनामा दिला. मतदान हरलेला पक्ष दोन महिन्यांत जिंकला.

उपयोगी हत्यार म्हणजे आयुक्तांची तोंडी परीक्षा. करारात इतकंच लिहिलंय की संसद आयोगाला एकत्रित संमती देईल. सरकारांनी सुचवलेला प्रत्येक उमेदवार समितीपुढं येऊन तीन तास प्रश्नांना तोंड देईल, असं कुठं लिहिलं नाही. ते संसदेनं आपल्या नियमांत घालून घेतलं. आणि एकत्रित संमती रोखून धरायच्या धमकीवर एकेकाला पाडायला सुरुवात केली. २००४ मध्ये इटलीचे रोक्को बुत्तिलियोने समलैंगिकता आणि स्त्रियांविषयीच्या वक्तव्यांमुळे समितीत एका मतानं नापास झाले; आयोगाचे नियोजित अध्यक्ष जुझे मान्युएल बाहोजो यांना मतदानाच्या दिवशी आपला सगळा आयोग मागं घ्यावा लागला. २०१९ मध्ये फ्रान्सच्या सिल्वी गुलार ८२ विरुद्ध २९ मतांनी परत गेल्या, त्याही एमान्युएल मॅक्रॉन यांच्या उमेदवार असताना. आपल्याकडे मंत्र्यानं शपथ घेण्याआधी त्याला त्याच्या खात्याचं काय कळतं हे संसदेनं तीन तास विचारायचं, अशी कल्पना करून पाहा. अर्थात यातही साटंलोटं चालतं. तुमचा माणूस पाडाल तर आमचे हात बांधलेले नाहीत, या न्यायानं २०२४ मध्ये कुणीच पडलं नाही. सगळेच विद्वान होते म्हणून नव्हे.

हिशेबाची मंजुरी हेही असंच दुधारी. आयोगाच्या बाबतीत ती नाकारली की १९९९ घडतं. मंत्रिपरिषदेच्या बाबतीत २००९ च्या हिशेबापासून संसद दरवर्षी मंजुरी नाकारते आहे, कारण परिषद संसदेच्या प्रश्नांना उत्तरंच देत नाही. परिणाम? शून्य. दरवर्षी ठराव होतो, दरवर्षी परिषद जेवायला जाते. चौकशी समित्यांचंही तसंच. पेगॅससच्या हेरगिरीवर २०२२-२३ मध्ये समिती बसली, कष्टानं काम केलं, पण साक्षीदाराला हजर राहायला भाग पाडायचा अधिकार नसल्यानं काही सरकारांनी तिला दाराबाहेरच ठेवलं.

करांबाबत तर संसद जवळपास बिनदाताची आहे: परिषदेत एकमत लागतं, संसदेचं फक्त मत घेतात. परराष्ट्र धोरणातही तेच. मणिपूरवर जुलै २०२३ मध्ये युरोपीय संसदेनं ठराव केला तेव्हा आपल्याकडे मोठे मथळे झाले, परराष्ट्र मंत्रालयानं तो अस्वीकारार्ह म्हटला. असे ठराव ही संसदेची सर्वांत ऐकू येणारी आणि सर्वांत हलकी कृती असते. कुणावरही बंधनकारक नसतात. मला कुणी ‘युरोपीय संसदेचा ठराव’ असं सांगितलं की मी आधी विचारते, कायदा, संमती की नुसता ठराव? ठराव असेल तर मी चहा संपवते, मग वाचते.

संसदेला तर स्वतः कुठं बसायचं हेही ठरवता येत नाही. वर्षातून बारा वेळा सगळं बिऱ्हाड ब्रसेल्सहून स्ट्रासबर्गला जातं, कागदांच्या ट्रंकांसकट. एकाच ठिकाणी बसलं तर वर्षाला ११.४ कोटी युरो वाचतील असं महासंघाच्या लेखापरीक्षकांनी २०१४ मध्ये काढलं. पण बारा बैठका करारात लिहिल्या आहेत, करार बदलायला सगळे देश लागतात, आणि फ्रान्स हो म्हणणार नाही.

आता हापूसकडे. कायदा झाला की त्यातला तांत्रिक तपशील भरायचं काम आयोगाकडे जातं, आणि तिथं दोन वाटा आहेत. एक ‘प्रत्यायोजित’ नियमांची: ते आयोग करतो, पण संसद ठरावीक मुदतीत हरकत घेऊन पाडू शकते. मात्र त्याला पूर्ण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं, गैरहजर माणूसही आयोगाच्याच बाजूनं मोजला जातो. जुलै २०२२ मध्ये नैसर्गिक वायू आणि अणुऊर्जेला ‘हरित’ गुंतवणूक म्हणायचं की नाही यावर अशी हरकत आली. ३५३ मतं हवी होती, २७८ मिळाली. दुसरी वाट ‘अंमलबजावणी’च्या नियमांची. त्यांवर देशोदेशीच्या तज्ज्ञांची समिती मत देते, आणि संसदेनं फार तर ‘तुम्ही अधिकाराबाहेर गेलात’ असं म्हणावं. वनस्पती-आरोग्याच्या जुन्या कायद्याखाली हापूसवरची बंदी याच दुसऱ्या वाटेनं आली होती. म्हणून खासदाराला भेटून उपयोग नव्हता. उपयोग होता तो पॅकहाउस सुधारण्याचा, फळांवर उष्ण प्रक्रिया करून दाखवण्याचा आणि तपासणीला आलेल्या युरोपीय पथकाला ते पटवण्याचा. २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली तीही त्याच समितीतून. भाज्यांना आणखी वाट बघावी लागली.

आज तसेच फोन पोलादवाल्यांचे येतात. आयात मालातल्या कार्बनवर आकार लावणारा कायदा संसदेत चांगलाच हिंदकळला होता. जून २०२२ मध्ये त्याचं भावंड असलेला कार्बन-परवान्यांचा (युरोपातल्या कारखान्यांना उत्सर्जनासाठी लागणाऱ्या परवान्यांचा) मसुदाच सभागृहात पडला आणि यालाही दोन आठवडे थांबावं लागलं. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये तो ४८७ विरुद्ध ८१ मतांनी झाला आणि १ जानेवारी २०२६ पासून त्याचा पैशांचा भाग सुरू झाला. कुठला माल त्यात येणार, फुकटचे परवाने किती वर्षांत बंद होणार, हे संसदेनं परिषदेशी भांडून ठरवलं. पण तुमच्या भट्टीतलं उत्सर्जन कुठल्या सूत्रानं मोजायचं, आकडे नसतील तर कुठले ठोकताळे धरायचे, हे अंमलबजावणीच्या नियमांत आहे. मी पहिल्याच मिनिटाला विचारते, तक्रार कायद्याबद्दल आहे की सूत्राबद्दल? बहुतेकांची सूत्राबद्दल असते, आणि स्ट्रासबर्गचं तिकीट मात्र आधीच काढलेलं असतं.